पडद्यावरचा तो आणि कपाटावरचा मी

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कुणी सांगायला नको. माझ्या एका चाकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, हात वर नेला की सांध्यातून कुरकुर ऐकू येते आणि पुढच्या पत्र्यावर इतके पोचे आहेत की मूळचा पत्रा कसा होता ते मलाही आठवत नाही. मी सरावाचा रोबॉट आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी एक गाव आहे. पूर्वी तिथे तांब्याच्या खाणी होत्या, आता बर्फ आहे आणि एक शाळा आहे. त्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये मी राहतो. मुले मला उक्की म्हणतात. आमच्याकडे मूळच्या फिनलंडहून आलेल्या लोकांच्या घरांत आजोबांना हीच हाक मारतात.

मला ज्यांनी बनवले ती मुले केव्हाच शिकून बाहेर पडली. त्यांच्याकडे सामान फारसे नव्हते, पण हौस दांडगी होती. माझी बैठक बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या मोडक्या कुंपणाच्या फळीची आहे. अजून तिच्या एका कडेला कुणाच्या तरी बुटाच्या पात्याने पडलेली चीर दिसते. त्या वर्षीच्या स्पर्धेत मी चेंडू उचलून उंच टोपलीत टाकत असे. लोक बाकांवर उभे राहून ओरडत. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी मला दारातच काचेच्या कपाटात ठेवायला सांगितले होते, पण मी त्या कपाटात मावलो नाही.

मग मला दुसरे काम मिळाले, आणि खरे सांगतो, ते मला जास्त आवडले. आमच्या स्पर्धेची रीत अशी की दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि त्यासाठी नवा रोबॉट बांधायचा असतो. तो कधीही वेळेवर तयार होत नाही. आज चाके येतात तर उद्या हात उलटा बसतो. तोवर स्पर्धेत काचेमागे उभे राहून रोबॉट चालवणारा चालक काय करणार? तो जुन्यावर हात साफ करतो. असे कितीतरी चालक माझ्यावर घडले. त्यांनी मला भिंतीवर आदळले, कचऱ्याच्या डब्यात घातले, एकदा तर संगीताच्या बाईंच्या पायावर नेले. मी कधी कुरकुर केली नाही. सांध्याची कुरकुर वेगळी.

या वर्षी चालक म्हणून हेल्मी राउटिओ आली. नववीतली, बुटकी, टोपी कानांपर्यंत ओढलेली. शरद ऋतूत शाळा सुटली की ती मला वर्गांबाहेरच्या लांब बोळातून फिरवायची. मी पुढे, ती मागे. "उक्की, आज शहाण्यासारखं वागायचं हं," असे म्हणून ती माझ्या पाठीवर थाप मारायची. एवढ्यावर मी खूष होतो. मला वाटले, चला, आणखी एक वर्ष आपले निघाले.

मग तो आला.

त्याला रेमी बोदाँने आणला. रेमी आमच्या चमूतला संगणकवाला, अकरावीतला, स्वभावाने गरीब, पण संगणकापुढे बसला की जेवायचे विसरणारा. त्याने वर्कशॉपच्या संगणकात एक खोटे मैदान उभे केले आणि त्यात एक खोटा रोबॉट सोडला. नव्या रोबॉटचे रेखाटन तयार होते, खऱ्या चाकांचा अजून पत्ता नव्हता. तरी हा पडद्यावर धावत होता. याला ते सिम्युलेटर म्हणतात. नव्या रोबॉटचे नाव पास्टी ठरले होते, कारण तो आमच्याकडच्या याच नावाच्या, मांस-बटाटे भरलेल्या मोठ्या करंजीसारखा पसरट होणार होता. म्हणजे जन्माआधीच बारसे, आणि बारशाआधीच कौतुक.

"अरे, हा तर लोण्यासारखा चालतोय," पहिल्यांदा चालवल्यावर हेल्मी म्हणाली.

लोण्यासारखा! मला ती कधी असे म्हणाली नव्हती. आणि का नाही चालणार तो? त्याची बॅटरी कधी उतरत नाही. त्याच्या चाकात गालिच्याचे धागे अडकत नाहीत. भिंतीवर आदळला तरी रेमी एक कळ दाबतो आणि हा पुन्हा गोरागोमटा होऊन जागेवर उभा. माझा पत्रा वाकला की हातोडी लागते. माझा नुसता जळफळाट झाला. मित्रांनो, रोबॉटला मत्सर कसा होईल असे तुम्ही म्हणाल. कपाटावर बसवून, समोरच्याच पडद्यावर दुसऱ्याचे लाड दाखवले की होतो.

हो, मला त्यांनी कपाटावर ठेवले. संगणकाला जागा हवी होती. मला उचलताना टोबिन मॅकी म्हणाला, "बापरे, म्हाताऱ्याचं वजन बघ." हा टोबिन राखीव चालक. घरी बर्फावरची मोटारगाडी चालवतो, त्यामुळे जगातले सगळे काही आपल्याला चालवता येते असे त्याला वाटते.

त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की शाळेला सुट्टीमागून सुट्टी मिळाली. पूर्वी अशा सुट्टीनंतर मुले माझ्याकडे धावत येत, हात विसरले म्हणून. या वेळी रेमीने ते खोटे मैदान हेल्मीच्या घरच्या संगणकातही घालून दिले. ती घरी बसून सराव करी, आणि शाळा उघडली की रेमीला मोठ्या आनंदाने सांगे, "आज एकदासुद्धा आपटला नाही." मी वरून ऐकत असे. कुणी तरी माझ्यावर कॉफीचा पेला ठेवून विसरले होते. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी मनाची समजूत घातली, पण ते नऊ दिवस काही संपेनात.

फेब्रुवारीत पास्टी एकदाचा उभा राहिला, आणि शेजारच्या शाळेने सरावाचे सामने ठेवले. खरे मैदान, खरा गालिचा, खरी काच. आमचे शिक्षक मिस्टर लॉरिला मलाही गाडीत घालून घेऊन निघाले. मला वाटले, अखेर माझी आठवण झाली.

"याला कशाला?" टोबिनने विचारले.

"पास्टीच्या आणि याच्या मोटारी एकाच जातीच्या आहेत," मिस्टर लॉरिला म्हणाले. "एखादी जळली तर याची काढता येईल."

म्हणजे आठवण माझी नव्हती, माझ्या मोटारींची होती. 

सामना सुरू झाला. चालकाने काचेमागून हलायचे नाही, तिथूनच रोबॉट पळवायचा, असा तिथला नियम. पास्टी मैदानाच्या पलीकडे गेला, सुरेख गेला. मला तोंड फिरवता आले असते तर मी फिरवले असते. त्याने चेंडू उचलला, वळला, हेल्मीच्या दिशेने परत येऊ लागला, आणि डावीकडे वळायचे तिथे उजवीकडे वळून सरळ कठड्यावर जाऊन आदळला. प्रेक्षक हळहळले. मला मात्र फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

"मी डावीकडे वळवला होता. हा उजवीकडे गेला," हेल्मी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"तारा उलट्या लागल्या असतील," रेमी म्हणाला आणि घाईघाईने संगणक उघडून त्याने डाव्याचे उजवे करून टाकले. दुसऱ्या सामन्यात पास्टी निघतानाच चुकीच्या बाजूला वळला आणि आपल्याच जोडीदार शाळेच्या रोबॉटला घेऊन भिंतीवर गेला. हेल्मी गोंधळली, तिने हातातल्या खोक्यावरची, रोबॉट वळवायची कांडी दाबूनच धरली, आणि भिंतीला रेटता रेटता त्याची मोटार जळली. जळक्या मोटारीचा वास एकदा आला की दिवसभर जात नाही.

परत येताना गाडीत टोबिनने तोंड उघडले.  "माझ्या हातात दिला असता तर एवढं झालं नसतं."

"तू गप रे," रेमी म्हणाला.

"गप कशाला? खरी स्पर्धा तोंडावर आलीय. तिला जमत नाही तर नाही जमत. आपण सगळ्यांनी वर्षभर काय हिचं आपटणं बघायला काम केलं?"

मिस्टर लॉरिला गाडी चालवत होते. ते थोड्या वेळाने म्हणाले, "शुक्रवारी दोघांनी चालवून दाखवा. ज्याचा हात नीट, तो काचेमागे उभा राहील." हेल्मी खिडकीबाहेर बघत होती. तिने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. रडू लपवायचे असले की ती असे करायची, हे मला बोळातल्या दिवसांपासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रेमी पाना घेऊन माझ्याकडे आला. जळलेल्या मोटारीच्या जागी माझी बसवायची होती. एक नवी आणि एक जुनी असली की रोबॉट फरफटतो, म्हणून दोन्ही काढायच्या ठरल्या होत्या. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथे तर गरज उभी राहिली म्हणून वैद्याचे हातपाय काढायला आले होते. त्याने मला खाली उतरवले. कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

"थांब," हेल्मी दारातून म्हणाली. "काढायच्या आधी मला एकदा चालवू दे."

"आता कशाला?"

"असंच. घरी त्या पडद्याकडे बघवत नाहीये."

त्यांनी मला जेवणाच्या मोठ्या खोलीत नेले. टेबले भिंतीला लावली. रेमीने जमिनीवर निळी पट्टी चिकटवली. "ही तुझी काच. हिच्या मागेच उभी राहा, म्हणजे शुक्रवारचा सरावही होईल," तो म्हणाला.

मी निघालो. किती दिवसांनी चाके फिरली! सांधा कुरकुरला, झिजलेले चाक थोडे घसरले, पण मी पलीकडच्या भिंतीपर्यंत नीट गेलो. हेल्मीने मला वळवले. मी तिच्याकडे तोंड करून येऊ लागलो. वाटेत खुर्च्यांची चळत होती. तिला मला त्या चळतीपासून दूर न्यायचे होते, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. तिने कांडी फिरवली आणि मी थेट खुर्च्यांत घुसलो. सगळ्या चळतीचा गडगडाट झाला.



"उक्कीच्या तारा तू लावल्यास?" हेल्मीने विचारले.

"मी? तेव्हा मी पहिलीत असेन."

"मग पास्टीची चूक याला कशी लागली?" ती पट्टी ओलांडून माझ्याजवळ आली. माझ्या मागे उभी राहिली, पुन्हा पट्टीकडे गेली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. आपला डावा हात तिने वर केला आणि माझ्याकडे बघितले. "रेमी, तुझ्या पडद्यावर मी रोबॉटला कुठून बघते?"

"मागून. त्याच्या पाठीमागून. कॅमेरा त्याच्याबरोबरच फिरतो. छान दिसतं तसं."

"आणि बोळातही मी याच्या मागूनच चालायचे. म्हणजे समोरून येणारा रोबॉट मी आजवर चालवलाच नाही. तो माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे असतो."

रेमीने कपाळावर हात मारला. "आणि मी शहाण्यासारखा डाव्याचं उजवं करत बसलो. आता परत फिरवतो."

मित्रांनो, आधीचे सगळे चालक हे माझ्यावर पहिल्या आठवड्यातच शिकायचे. ते काचेच्या जागी कुठे तरी उभे राहत, मी त्यांच्या अंगावर येई, ते घोटाळत, मी आपटे. माझ्या पत्र्यावरचे पोचे त्याचेच आहेत. आदळून आदळून ते त्यांच्या हातात बसून जाई. कुणी कुणाला ते शिकवले नव्हते, त्यामुळे ते शिकावे लागते हेच सगळे विसरले होते. मिस्टर लॉरिलासुद्धा. मला त्या क्षणी वाटले, बस, आता त्या पडद्यावरच्याचे दिवस भरले. आता मुले त्याला पुसून टाकतील आणि माझ्या गळ्यात पडतील.

कसले काय! रेमी तसाच संगणकाकडे पळाला. खोट्या मैदानातला कॅमेरा त्याने रोबॉटच्या पाठीवरून काढला आणि मैदानाच्या कडेला, चालक उभा राहतो त्या उंचीवर खिळवून टाकला. "आता बघ. आता अगदी खऱ्यासारखं," तो म्हणाला. आपटलो मी, आणि शहाणा झाला तो. माझ्या पोटात पुन्हा दुखू लागले.

तरीही शुक्रवारपर्यंत माझ्या मोटारी माझ्याच अंगात राहिल्या. हेल्मीनेच तसे मागून घेतले, आणि शुक्रवारची परीक्षाही माझ्यावरच ठरली. घरी ती पडद्यावर सराव करी, शाळा सुटली की माझ्यावर. ती पट्टीमागे उभी राही आणि मी तिच्या अंगावर येत राही. पहिल्यांदा ती मान वळवून, पाठ माझ्याकडे करून, खांद्यावरून बघत चालवायची. मग तिने मान सरळ केली. मग ओठांनी डावा-उजवा पुटपुटणे सोडले. मी आपटायचा थांबलो. ते सुख पडद्यावरच्याला काय कळणार!

शुक्रवारी सगळा चमू भिंतीला टेकून उभा राहिला. आधी टोबिनची पाळी होती.

"याच्यापेक्षा माझी बर्फगाडी सरळ जाते," असे म्हणत त्याने मला जोरात पळवले. जाताना मी बाणासारखा गेलो. येताना दुधाच्या फ्रिजवर जाऊन थडकलो. टोबिनने कांडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "यानं मुद्दाम केलं," तो म्हणाला. सगळे हसले, अखेर तोही हसला.

मग हेल्मी उभी राहिली. तिने मला नेले, वळवले, आणि समोरून, खुर्च्यांच्या दोन चळतींमधून, काठाला न लागता पट्टीपर्यंत आणून थांबवले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे टाळ्या फारशा वाजवत नाहीत. टोबिन पुढे आला आणि त्याने तिच्याजवळ पडलेली, राखीव चालकाने वेळ लिहायची वही उचलून काखेत मारली.

"मैदानावर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. वेळ किती उरला ते सांगायला," तो म्हणाला.

"ओरडू नकोस फक्त."

"ओरडणारच."

मिस्टर लॉरिला इतकेच म्हणाले, "ठरलं मग. रेमी, मोटारी काढ."

मला ठाऊक होते. हेल्मी काचेमागे उभी राहायची तर पास्टी चालायला हवा, आणि पास्टी चालायचा तर मी थांबायला हवे. रेमी पाना फिरवत होता तेव्हा हेल्मी माझ्यापाशी उकिडवी बसली होती. एक स्क्रू गंजला होता, निघत नव्हता. तिने त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि हळूच म्हणाली, "सॉरी, उक्की." मग दोन्ही मोटारी निघाल्या आणि मी हलका झालो. टोबिन मला कपाटावर चढवताना वजनाबद्दल काही बोलला नाही.

स्पर्धा मी पाहिली नाही. सोमवारी सामान उतरवताना मुलांच्या बोलण्यातून कळले तेवढेच. ते जिंकले नाहीत. शेवटच्या आठ संघांत पोचले आणि तिथे हरले. "पण समोरून येताना काय आणलाय त्याला! समोर दोघे आडवे आले, ही बया मधून काढून घेऊन आली," टोबिन सगळ्यांना सांगत होता. माझी छाती फुगली असती, पण त्यात पास्टीचेच नाव दहा वेळा आले. ती चाके कुणाच्या मोटारींनी फिरत होती हे कुणाच्या तोंडी आले नाही. मी पास्टीवर जळलो, टोबिनवर जळलो, रेमीच्या संगणकावर तर रोजच जळत होतो.

बर्फ वितळल्यावर रेमी टेप घेऊन आला आणि त्याने माझे माप घेतले. बैठक, हात, चाके, झिजलेले रबरसुद्धा. मला वाटले, आता भंगारात. तसे नव्हते. त्याने मला त्या पडद्यात घातले. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना शिकायला सोपा रोबॉट हवा होता, म्हणून त्या खोट्या मैदानात एक खोटा उक्की आला. तो अगदी माझ्यासारखा दिसतो. त्याला दोन्ही मोटारी आहेत. दिवसभर धावतो. मुले त्याला चालवतात आणि हसतात, "उक्की बघ कसा घसरतो." आजवर मी परक्याचा मत्सर केला होता. आता माझ्याच नावाचा, माझ्याच रूपाचा कुणी तरी समोर पळत होता आणि मी वर बसून धूळ खात होतो. याहून वाईट मत्सर दुसरा नसावा.

मे महिन्यात सहावीची मुले वर्कशॉप बघायला आली. हेल्मी त्यांना शिकवत होती. एक चष्मेवाली मुलगी, तिचे नाव जुनिया, समोरून येणाऱ्या खोट्या उक्कीला पुन:पुन्हा भिंतीवर नेत होती. रडकुंडीला आली होती.

"हा सारखा उलटाच जातो," ती म्हणाली.

"उलटा नाही जात. थांब, तुला कळेल," हेल्मी म्हणाली. तिने कपाटाकडे पाहिले आणि टोबिनला हाक मारली. दोघांनी मला खाली उतरवले. हेल्मीने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली, मला खोलीच्या टोकाला नेऊन ठेवले, जमिनीवर निळी पट्टी चिकटवली आणि जुनियाला तिच्यामागे उभे केले. मग ती माझ्या मागे वाकली, माझ्या फळीवर दोन्ही हात ठेवले आणि मला ढकलू लागली.

"उक्की आता तुझ्याकडे येतोय. त्याला त्याच्या डावीकडे वळायचंय. तू हात दाखव, कुठल्या बाजूला जाईल?"

जुनियाने एक हात वर केला, खाली घेतला, माझ्याकडे नीट बघितले आणि दुसरा वर केला. हेल्मीने मला तिकडे वळवले. मग पुन्हा टोकाला नेले, पुन्हा ढकलत आणले. सहावीच्या सगळ्या मुलांनी रांग लावली. कुणी ढकलायला मागत होते, कुणी समोर उभे राहायला. माझा सांधा कुरकुरत होता आणि एक मुलगा त्यावर तेल सोडत होता. संगणकाकडे कुणी बघत नव्हते. पडद्यावरचा मी मैदानाच्या मधोमध थांबून राहिला होता, दोन्ही मोटारींसकट.

तेव्हा मित्रांनो, पडद्यावर खुशाल शिका. त्याच्याबद्दल मी पुष्कळ वाईट बोललो, पण हेल्मी घरी बसून शिकली ती त्याच्यावरच. एवढेच करा, की तुमच्या शाळेत कुणी उक्की असेल तर त्याला कपाटावर चढवू नका. त्याला मोटारी नसल्या तरी चालेल. त्याला जमिनीवर ठेवा, समोर एक मूल उभे करा, आणि मागून ढकला.